येतो म्हण

"जातो गं ताई," म्हणत धाकटा दाराबाहेर पडला.

"जातो काय? येतो म्हण!" आईने स्वयंपाकघरातून सवयीने टोकलं.

एरवी तो वैतागून "येतो, येतो, येतो!" असं तीनदा म्हणायचा आणि मगच जिना उतरायचा. आज त्याने नुसतं हसून दार ओढून घेतलं.

गिऱ्हाइकाचा शर्ट शिवताना शिलाई मशीनवरचे ताईचे पाय थांबले. गेला आठवडाभर घर खुशीत होतं. हॉस्पिटलातून आल्यापासून धाकट्याच्या कानातले आवाज बंद झाले होते. तो वेळेवर जेवायचा, दाढी करायचा. मोटर वाइंडिंगची आपली सगळी हत्यारं त्याने काल शेजाऱ्याला देऊन टाकली, तेव्हा आई म्हणाली, "बघ, मन किती मोठं झालंय पोराचं." ताईलाही ते खरं वाटलं होतं. खरं असावं असं तिला फार वाटत होतं.

ती तशीच उठून धावली आणि तिने त्याला जिन्यातच गाठलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शंका आली तर सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. ऐकताना सोपं वाटलं होतं. आता जीभ उचलेना.

"थांब. मरायचं मनात आहे का तुझ्या?"

तो "काहीतरीच काय" म्हणेल, या आशेवर ती होती. तो पायरीवर बसला.

"हो."

तीही शेजारी बसली.

"अरे, पण आवाज थांबलेत ना आता?"

"म्हणून तर! ते होते तेव्हा त्यांच्याशी भांडण्यात दिवस जायचा. आता शांत झालं, तर सगळं दिसायला लागलं. धंदा बुडाला, ठरलेलं लग्न मोडलं. मी म्हणजे तुमच्या गळ्यातली धोंड नुसती."

"धोंड म्हणे! धोंड निदान गप्प तरी बसते. तू जन्मल्यापासून माझं डोकं खातोयस," असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

तो गडबडला. "रागावलीस?"

"रागावले. मला न सांगता निघाला होतास. ऊठ, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"आणि तो शर्ट? आज द्यायचाय ना?"

"गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे."

तो मग कठड्याला धरून उठला. बसमध्ये तिने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं आणि त्याने ते धरू दिलं.

हॉस्पिटलच्या खिडकीतून कारकुनाने दोघांकडे पाहिलं. धाकट्याचा भांग नीट, शर्ट इस्त्रीचा. ताईचे केस सुटलेले, डोळे सुजलेले, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात आईची चप्पल. कारकून आवाज मऊ करून धाकट्याला म्हणाला, "बाईंना कधीपासून होतंय असं?"

धाकटा खिडकीशी वाकला.

"पेशंट मी आहे. ही माझी ताई," तो म्हणाला. "मला एकट्याला सोडायचं नाही, तेवढं लिहा."