हिरव्या दिव्याची पाळी

शिंपीकाकांच्या लेकीला जुळे झाले, त्या वर्षी मी या वस्तीत आले. मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. आज माझा रंग उडालेला आहे, एक टोक जळके आहे आणि अंगात दोन-तीन गाठी पडल्या आहेत. पण एके काळी मी आभाळातून खाली येत असे. लोक मान वर करून माझी वाट पाहत.

माझा जन्म कारखान्यातला. बारीक धाग्यांची घट्ट वेणी घालून यंत्राने मला विणले. मला वाळूचे पोते बांधून टांगले, पाण्यात भिजवले, उन्हात वाळवले, पुन्हा टांगले. मी तुटले नाही, म्हणून मला एका रिळावर गुंडाळून दवाखान्याच्या माणसांकडे पाठवले.

ही वस्ती डोंगराच्या पाठीमागे आहे. खालच्या दवाखान्यातून रुग्णवाहिका निघाली, तर वळणे घेत येईपर्यंत पाऊण तास जातो. ज्याचे हृदय बंद पडले, त्याच्याजवळ पाऊण तास नसतो. म्हणून दवाखान्याने पाण्याच्या टाकीशेजारच्या गच्चीवर एक ड्रोन आणून ठेवले. त्याला सांभाळायला एक चालक नेमला. ड्रोनच्या पोटाखाली मी आणि माझ्या टोकाला एक लाल पेटी. हृदयाला विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करणारी ती पेटी होती. ती झाकण उघडताच बोलू लागे आणि काय करायचे ते माणसाला सांगे. घरावर पोहोचले की ड्रोन वरच थांबायचे, मी पेटी घेऊन खाली उतरायचे, पेटी जमिनीला टेकली की आकडा आपोआप सुटायचा आणि मी वर जायचे.

सरावाच्या दिवशी सगळी वस्ती जमली. टाळ्या ड्रोनला मिळाल्या. पेटीलाही थोड्या मिळाल्या. दोरीला कोण टाळ्या वाजवणार? पण मी मनातून खूश होते.

पुढच्या वर्षी एका सकाळी शिंपीकाका शिलाईच्या यंत्रावरच कोसळले. घरात काकू एकट्या होत्या. फोनवर चालक सांगत होता तशा त्या छाती दाबू लागल्या. आम्ही पोहोचलो, तेव्हा वारा सुटला होता. पेटी अंगणात झोके खात होती. खाली यायची आणि पुन्हा हातभर वर जायची. काकू धावत बाहेर आल्या. फोन आत जमिनीवर राहिला होता, त्यामुळे “पेटी टेकू द्या, दोरीला हात लावू नका” हे चालकाचे ओरडणे त्यांना ऐकूच आले नाही. त्यांना वाटले, हे यंत्र पेटी घेऊन परत चालले. त्यांनी पळणाऱ्या वासराचे दावे पकडावे तसे मला पकडले, अंगणातल्या खांबाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

ड्रोनला ओढ बसली. स्वतःला वाचवण्यासाठी त्याने आपल्या तापत्या तारेने मला कापले. माझे जळके टोक तेव्हाचे आहे. आकाश माझ्या हातून कायमचे सुटले. पण पेटी काकूंच्या हाती राहिली, आणि काका वाचले.

चार दिवसांनी चालक मला न्यायला आला.

“काकू, दोरी द्या. दवाखान्याची आहे.”

“नाही देत.”

“अहो, तुटलेल्या दोरीचं तुम्ही काय करणार?”

“तुटलेल्या दोरीचं तुम्ही तरी काय करणार?” काकू म्हणाल्या. “चहा घेऊन जा.”

तो चहा घेऊन गेला. ड्रोनला नवी दोरी लागली आणि मी दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी झाले. सुरुवातीला मला कमीपणा वाटला. मग काकांचे सदरे माझ्यावर वाळू लागले. जिवंत माणसाचेच सदरे धुवावे लागतात, हे लक्षात आल्यावर तो कमीपणा गेला.

आणखी दीड वर्षाने दवाखान्याचा हिशेबनीस आला. शांत, हळू बोलणारा माणूस. तो माझ्याखालीच खुर्ची टाकून बसला. ड्रोन इथे ठेवायचे की हलवायचे, ते ठरायचे होते.

“उडालं तरी तेवढाच खर्च, आणि नाही उडालं तरी जवळजवळ तेवढाच,” तो काकांना सांगत होता. “चालकाचा पगार चालूच. बॅटऱ्या पडून राहिल्या तरी म्हाताऱ्या होतात. आणि या सगळ्या काळात ही पेटी कामी येऊन वाचलेले तुम्ही एकटे.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे सगळा खर्च माझ्याच नावावर. केवढ्याला पडलो मी?”

हिशेबनीस सांगेना. काकांनी फारच धरले, तेव्हा तो म्हणाला, “ही गल्ली विकली तरी भागणार नाही, काका.”

माझ्यावरच्या ओल्या चादरीचे पाणी तेवढे ठिबकत होते. मग काकू म्हणाल्या, “चाळीस वर्षं यांना मी जेवू घालतेय. तेव्हा कोणी भाव विचारायला आलं नाही.”

ही गोष्ट दुपारपर्यंत गल्लीभर झाली. समोरचा बेकरीवाला येता-जाता हाक मारू लागला, “काका, जपून चाला. तुम्ही पडलात तर सगळ्या वस्तीचं दिवाळं निघेल.” काकाही हसत. पण त्या दिवसापासून ते बदलले. ते पहाटे उठून शिलाईला बसत. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे फुकट शिवून देत. काकू चिडत. “काय फेडताय तुम्ही? माणूस काय गहाण पडलाय?” काका मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहत.

मग वस्तीची बैठक झाली. ती आमच्या अंगणातच झाली, म्हणून मी सारे ऐकले. हिशेबनिसाने काही लपवले नाही. डोंगराखालच्या बाजारगावाभोवती वस्ती दाट आहे. तेच ड्रोन तिथे नेले, तर इथे एक वाचतो तेवढ्या काळात तिथे तीन वाचतील, असा त्याचा अंदाज होता. “तिथेही कुणाची तरी काकू आहे,” तो म्हणाला.

लोक चिडले. बरेच बोलले. शेवटी काका उठले. “मी वाचलोय, म्हणून मला बोलायचा हक्क सगळ्यांत कमी आहे. पण तिकडे तीन माणसं उठून बसणार असतील, तर नको कसं म्हणू? यंत्र न्या. पेटी तेवढी आम्हाला ठेवा.”

रात्री काकू माझ्यावरचे कपडे काढताना म्हणाल्या, “तुमचं झालं, म्हणून उदार झालात. उद्या मी पडले तर?”

“पेटी आहे ना. मी धावेन.”

“या गुडघ्यांनी?”



ड्रोन गेले. पेटी बेकरीच्या भिंतीवर लागली. ती लावताना हिशेबनीस म्हणाला, “पेटी तशी स्वस्त आहे. पण हिचा हा हिरवा दिवा रोज कुणीतरी बघायला हवा. तो विझला की लगेच दवाखान्याला कळवा, म्हणजे बॅटरी बदलू. यंत्राबरोबर बघणारा माणूस होता. हिच्याबरोबर नाही. आमच्या हिशेबात तो धरलेला नाही.”

काका म्हणाले, “मी बघतो.” आणि ते रोज सकाळी पाव आणायच्या निमित्ताने दिवा बघून येत. कितीतरी दिवस हे चालले. मग त्यांचे गुडघे खरेच गेले. अंगणाबाहेर पडणे कठीण झाले. त्यांनी जो येईल त्याला सांगितले, “तेवढा दिवा बघत जा रे.” सगळे म्हणाले, “हो हो, बघतो ना.” मित्रांनो, कोणी खोटे बोलले नाही. बेकरीवाल्याला वाटले, गल्लीतले बघतात. गल्लीला वाटले, पेटी बेकरीवर आहे, तर तोच बघत असेल.

एका सकाळी काकू माझ्यावर चादर टाकत होत्या. त्यांनी मला एकदम घट्ट धरले. मला वाटले, पुन्हा गाठ मारतात की काय. मग त्यांचा हात सुटला आणि त्या चादरीसकट खाली बसल्या, आडव्या झाल्या.

काका कसे अंगणात आले, कोण जाणे. गुडघे टेकून ते छाती दाबू लागले आणि त्यांनी बेकरीवाल्याला हाक मारली. तो पीठ लागलेल्या हातांनी पेटी घेऊन धावत आला. ड्रोन कधी आले नसते इतक्या लवकर आला. त्याने झाकण उघडले.

पेटी बोलली नाही.

त्याने ती बंद करून पुन्हा उघडली. दिवा विझलेला होता. किती दिवसांपासून, ते कोणालाच सांगता आले नाही. पेटी चालली असती तर काकू वाचल्याच असत्या, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचल्या नसत्या, असेही म्हणाले नाहीत. काका रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहिले. कोणी त्यांचे हात बाजूला करायला धजले नाही.

महिन्याने हिशेबनीस भेटायला आला. काकांनीच विचारले, “तिकडे किती वाचले?”

“दोन.”

“बरं झालं,” काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बरं झालं.”

तो गेल्यावर काकांनी मला खांबावरून सोडले. काकूंनी मारलेली गाठ मात्र त्यांनी सोडवली नाही. ती तशीच ठेवून खांबावरून वर सरकवून काढली. ते मला काठी टेकत बेकरीवाल्याच्या दारी घेऊन गेले आणि कडीला अडकवले. म्हणाले, “आज दिवा तू बघायचास. बघितलास की ही शेजारच्या दाराला अडकव. ज्या घराच्या दारात दोरी, त्या घराची पाळी.”

बेकरीवाल्याला एरवी थट्टा सुचत असे. त्या दिवशी त्याने फक्त माझी गाठ हातात धरून पाहिली.

तेव्हापासून मी दारोदार फिरते. आता नवी बॅटरी आहे आणि दिवा हिरवा आहे. मित्रांनो, स्वस्त वस्तू फुकट टिकत नाही. तिला रोज एक नजर लागते, आणि ती नजर सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही. उद्या मी तुमच्या कडीला दिसले, तर माझ्याशी खेळा, माझ्यावर उड्या मारा, मला राग नाही. पण आधी बेकरीपर्यंत जा आणि दिवा बघून या. मग मला पुढच्या दारी द्या.

शिंपीकाका अजून आहेत. शिंपीकाकू वारल्या. जुळी नातवंडे पहिलीत गेली, त्या वर्षीच्या थंडीत, एका बुधवारी सकाळी.