राजाचा होकार

माझ्या नवऱ्याला आणि थोरल्या दिरांना एकमेकांशी बोलायचं असलं, की आधी तोंडाला रंग लावावा लागतो. हसू नका, खरं तेच सांगतेय.

आमच्या वाडीत केतोप्राक चालतं. केतोप्राक म्हणजे राजेरजवाड्यांचं नाटक. अख्ख्या मेरबाबू डोंगराच्या उतारावर गावोगावी काही ना काही चालूच असतं, कुणाचा मुखवट्यांचा नाच, कुणाची घोड्यांची सोंगं. आमचं केतोप्राक. त्यात थोरले दीर, सुवार्जो, राजा होतात आणि माझा नवरा तुकिमान त्यांचा प्रधान. मी राजकन्येची दासी. राजकन्या लग्न होऊन जातात, नवी येते. दासी आपली मीच.

नाटकाचं लिहिलेलं काही नसतं. आमचे म्हातारबाबा, म्बाह क्रोमो, सगळ्यांना अंगणात बसवून सांगतात, "पहिल्या प्रवेशात दरबार, दुसऱ्यात बातमी, तिसऱ्यात लढाई, शेवटी रडारड. लागा कामाला." पुढचं ज्याचं त्यानं आपल्या अकलेनं बोलायचं.

भावाभावांचं बिनसलं ते एका बकरीवरून. भाऊजींच्या बकरीनं आमच्या कोबीची रोपं रातोरात फस्त केली. आमचे हे आधीच तापट. भर रस्त्यात, चार माणसांदेखत म्हणाले, "जशी बकरी तसा मालक. दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायची सवयच आहे." अहो, बाप गेला तेव्हा हे एवढेसे होते. थोरल्यानं स्वतःच्या ताटातलं काढून यांना वाढवलं. आणि त्यालाच हे बोलले! भाऊजींनी बकरी सोडवली आणि घरी गेले. तेव्हापासून दोघांचं अंगण एक, पण जाण्यायेण्याच्या वाटा दोन.

नाटक मात्र कुणीच सोडलं नाही. मग काय, घरातलं सगळं दरबारात यायला लागलं.

"प्रधाना," भाऊजी सिंहासनावरून विचारायचे, "उत्तरेच्या झऱ्याचं पाणी आमच्या राज्यात पोचता पोचता आटतंय, हे काय ऐकतोय आम्ही?"

"महाराज, नळीत पालापाचोळा अडकलाय. उद्या सकाळीच काढतो."

आणि खरंच काढायचे हो! सगळी वाडी नाटकाला लोटायची ती यासाठीच. एकदा शहरातून कॉलेजची मुलं आली होती. त्यातला एक चष्मेवाला मला बू, म्हणजे बाई, म्हणत बोलला, "बू वार्सिनी, सरकारच्या पाण्याच्या धोरणावर काय जबरदस्त टीका केलीत तुम्ही!" मी म्हटलं, "हो रे बाळा, आमचं दोन घरांचं सरकार आहे." त्यानं तेही लिहून घेतलं.

तर हे असंच चाललं असतं, पण आमच्या लेकीचं, सेकारचं, लग्न ठरायला आलं. मुलगा प्रासेत्यो, खाली समुद्राकाठच्या देमाकचा. मुलगा गुणी, त्याबद्दल शब्द नाही. त्याचे आईवडील सापर महिन्यातल्या आमच्या सणाला येतो म्हणाले, मागणी घालायला. आता आमच्याकडे मागणी आली की उत्तर बाप देत नाही. बापाचा थोरला भाऊ देतो. थोरला भाऊ समोरच्या दारात धडधाकट बसलेला असताना बाप उत्तर द्यायला लागला, तर पाहुणे काय ते समजतातच. त्यातून मुलाच्या आईनं, बू हार्तातींनी, फोनवर मला बजावलं होतं, "थोरल्या मुलाच्या वेळी घर न बघता केलं, हात पोळलेत. भांडणाच्या घरातली मुलगी नको बाई."

आणि सेकार? ती तर त्या काकाच्या खांद्यावर बसून वाढलेली. म्हणाली, "आई, मोठे काका होकार देणार नसतील तर मला लग्नच नको." आमच्या घराण्यातच आडमुठेपणा आहे, तिला तरी काय बोलणार.

मी यांच्याकडे गेले. "त्यानं यावं. दार काय मी बंद केलंय?" भाऊजींकडे गेले. "त्यानं बोलवावं, वार्सिनी. तोंड काय मी शिवलंय?" दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं, देवाशपथ.

सण उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे एकही दार बंद नसतं. ओळखीचा असो, वाट चुकलेला असो, दिसेल त्याला आत ओढायचं आणि भात खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. देमाकच्या बिचाऱ्यांना हे काय ठाऊक! गाडी खाली लावून चढण चढायला लागले, तर वाटेतल्या प्रत्येक घरानं त्यांना पकडलं. आमच्या दारात आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी शर्टाची खालची बटणं सोडलेली होती आणि बू हार्ताती भिंतीला धरून उभ्या होत्या.

"आता पाणीसुद्धा नको," त्या म्हणाल्या.

"पाणी नकाच घेऊ," मी म्हटलं, "भात घ्या."

कोंबडीचा रस्सा, सोयाबीनचं तळलेलं तेंपे, चिकट भाताची वडी, सगळं समोर मांडलं. बिचारे घास घास करत राहिले. शेवटी वडिलांनी हात धुतले आणि सरळ मुद्द्यावर आले. "मुलीचे मोठे काका कुठे आहेत? शब्द त्यांच्याकडून घ्यायचा ना?"

आमचे हे तेंपेच्या तुकड्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यावरच उत्तर लिहिलंय. सेकार आतून माझ्याकडे बघत होती.

"ते राजा आहेत ना," मी म्हटलं, "रंगायला बसलेत. तुम्ही नाटकाला चला, तिथेच भेटतील."

अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला तोवर माहीत नव्हतं, पण रंग लावता लावता सुचलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघंही पळाले असते.

पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी सेकार. पहिला प्रवेश नीट पार पडला. दुसऱ्यात मी विड्याचं तबक घेऊन यायचं आणि राक्षसराजा चाल करून येतोय अशी बातमी द्यायची, असं ठरलेलं. मी आत गेले, राजासमोर बसले आणि म्हटलं, "महाराज, समुद्राकाठच्या राज्याहून पाहुणे आलेत. आपल्या मुलीला मागणी घालताहेत. पोटं तुडुंब भरलीत, पण शब्द मिळाल्याशिवाय उठणार नाहीत."

वाडी खो खो हसली. बाजूला उभी असलेली नाटकातली राजकन्या गांगरून माझ्याकडे बघायला लागली. ती आधीच दुसऱ्या राजपुत्रावर भाळलेली होती. पडद्यामागून म्बाह क्रोमोंचा आवाज आला, "राक्षस! वार्सिनी, राक्षस कुठाय?" मी ऐकलंच नाही.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे. सेकारनं मान खाली घातली होती. हसणं हळूहळू थांबलं.

"प्रधाना," भाऊजी म्हणाले, "ही मुलगी कुणाची?"

"माझी, महाराज."

"मग उत्तर तू दे."

"उत्तर मोठ्यांनी द्यायचं असतं, महाराज."

"मोठा?" भाऊजींचा आवाज राजाचा राहिला नव्हता. "भर रस्त्यात ज्याला दुसऱ्याच्या ताटात तोंड घालणारा म्हटलं, तो मोठा? त्याच्या शब्दाला काय किंमत?"

वादकांचे हात तसेच वर राहिले. आणि आमचे हे, ज्यांच्या जिभेला कधी हाड नव्हतं, नुसते उभे. मला वाटलं, संपलं. पोरीचं लग्न मी माझ्याच हातानं मोडलं, तेही अख्ख्या गावासमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग हे कसेबसे पुटपुटले, "चुकलो."

भाऊजी सिंहासनावर तसेच ताठ. म्हणाले, "मोठ्यानं बोल, प्रधाना. बोलला होतास ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं. हे मागच्या रांगेला ऐकू जात नाहीये."

मागच्या रांगेतून कुणीतरी मेला ओरडला, "खरंच नाही हो ऐकू येत!"

यांनी डोळे मिटले आणि कधी लढाईच्या प्रवेशातही ओरडले नसतील एवढ्या मोठ्यानं ओरडले, "चुकलो मी, दादा! तुझ्या ताटातलं खाऊन मोठा झालो आणि तुलाच बोललो. चुकलो!"

आणि गुडघ्यांवर बसले, हात जोडून कपाळाला लावले.

भाऊजी उठले, पुढे आले आणि पहिल्या रांगेतल्या बू हार्तातींकडे बघून म्हणाले, "मुलगी दिली. सांभाळा. भात कमी खाते, पण हट्टी आहे."

मी मंचाच्या कडेलाच बसले होते, बू हार्ताती माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, "हे नाटकातलं की खरं?" मी नुसती मान हलवली, तीही कशी हलवली देव जाणे. सेकार हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

आता प्रधानानं उठायचं आणि नाटक पुढे चालू व्हायचं. प्रत्येक खेळात हात जोडून झाले की हे लगेच उठतात. पण आज उठेचनात. खांदे हलत होते.

आणि मग भाऊजी, मुकुट डोक्यावर, मिशा रंगवलेल्या, यांच्या शेजारी चक्क जमिनीवर मांडी घालून बसले.

पडद्यामागून म्बाह क्रोमो कळवळून ओरडले, "अरे उठ सुवार्जो! राजा खाली बसलाय, राक्षस कधीचा उभाय, खेळ पुढे कसा न्यायचा?"

भाऊजींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांबा जरा," ते म्हणाले. "भाऊ रडतोय."