वाकवलेलं बोट

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांची जखम धुऊन झाली. सिस्टरने हातमोजे काढले, हात धुतले आणि ते निथळत असतानाच उजव्या हाताचं बोट वाकवून त्याच्या सांध्याने निळ्या टॅबवर टकटक केलं. सवयीने, न बघता.

टॅब उघडला. आजोबांचं पान समोर आलं. खालच्या कडेला चार मोठे चौकोन होते. त्यातल्या ‘ड्रेसिंग झालं’ या चौकोनावर तिने पुन्हा सांधा टेकवला. नोंद झाली.

ती तशीच उभी राहिली. हातावरचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

“काय झालं सिस्टर? माझं काही बिघडलं का?” आजोबांनी विचारलं.

“तुमचं सगळं झकास आहे. पडून राहा.”

महिनाभर वॉर्डात दोन टॅब फिरत होते. एकाचं कव्हर पांढरं, एकाचं निळं. कंपन्यांची नावं चिकटपट्टीखाली झाकलेली. ज्याला वॉर्ड पसंत करेल, तो शहरातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत जाणार होता. दुसऱ्या कंपनीत हे काम तिथेच थांबणार, ते करणारी माणसं इकडेतिकडे पांगणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरला जरा जास्तच ठाऊक होतं. एका कंपनीत तिचा मुलगा होता, दुसरीत सून.

तिने मोठ्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी हे सांगून, मला यातून वगळा, अशी विनंती केली होती. डॉक्टर हसले होते. कुणीही जिंकलं तरी बक्षीस तुमच्याच घरी, म्हणाले. वॉर्ड तुमचा, तेव्हा शेवटचा शब्दही तुमचाच. आणि नावं झाकलेली असताना कुठला कुणाचा हे तुम्हाला कळणार कसं?

आता कळलं होतं.

आयुष्यभर वॉर्डात काम करून तिच्या बोटांची टोकं कशालाही लागेनाशी झाली होती. नळ ती कोपराने बंद करायची, दार कमरेने ढकलायची, दिव्याचं बटण वाकवलेल्या बोटाने दाबायची. धुतलेले हात धुतलेले राहिले पाहिजेत. घरीही तेच. लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा सुनेने स्वयंपाकघरात विचारलं होतं, “आई, तुम्ही बटण बोटाच्या टोकाने का दाबत नाही?” सिस्टरला तेव्हा बरं वाटलं होतं. घरात कुणीतरी पहिल्यांदाच हे विचारत होतं.

मुलाने कधी विचारलं नव्हतं. त्याचं नावच घरात खुडबुड्या. ती कामावरून यायची तेव्हा तो कुठल्यातरी उघडलेल्या घड्याळात डोकं घालून बसलेला असायचा. “आलीस?” एवढंच म्हणायचा, मान वर न करता. त्याला सगळं हलकं आणि बारीक हवं असे. शाळेची कंपासपेटीसुद्धा त्याला जड व्हायची. पांढरा टॅब तसाच होता, पापडासारखा. म्हणजे तो त्याचा. आणि निळा सुनेचा.

शेजारच्या खाटेवरची चादर बदलणाऱ्या नर्सला वॉर्डात सगळे रेडिओ म्हणत. तिने स्वतःचं मत केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. पांढरा म्हणजे नवरदेव, त्याला नुसतं बघायचं. निळा म्हणजे घरातला कर्ता माणूस, दिसायला ओबडधोबड, पण हाक मारली की येतो.

“सिस्टर, तुम्ही सांगून टाका आता,” रेडिओ म्हणाली. “एवढा विचार तर मी लग्न ठरवताना केला नव्हता.”

“ते दिसतंच आहे,” सिस्टर म्हणाली. रेडिओ मनापासून हसली.

दुपारी सिस्टरने पांढरा टॅब पुन्हा हातात घेतला. त्याच्यावर अन्याय व्हायला नको होता. कोरड्या बोटाने तो सुरेख चालत होता. तिचं डॉक्टरांनाही न लागणारं अक्षर तो न चुकता वाचत होता. मग तिने हात धुतले. मनगटावरून एक थेंब काचेवर पडला आणि भलत्याच रुग्णाचं पान उघडलं. काचेला बोट आणि पाणी सारखंच वाटत होतं. तिने थेंब पुसला, बोट वाकवून सांधा टेकवला. काहीच झालं नाही. एवढा रुंद, बोथट स्पर्श म्हणजे चुकून लागलेला धक्का, असं धरून तो सोडून देत होता. बहुतेक टॅब असंच करत असणार. निळ्या टॅबमागच्या माणसाने हा धक्का नाही, हे काम करणारं बोट आहे, असं ओळखलं होतं.

तिने पांढरा टॅब टेबलावर अलगद ठेवला. तापाने फणफणलेल्या पोराला ठेवावं तसा. मग मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“निळा,” ती म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “नक्की?”

“आमचे हात कायम ओले असतात, डॉक्टर.”

यापुढे तिला काही सांगावं लागलं नाही. परत येताना तिची मान ताठ होती. टेबलावरच्या पांढऱ्या टॅबकडे मात्र तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत निकाल दोन्ही कंपन्यांत कळलेला होता. ऑफिसचं बोलणं घरात करायचं नाही, हा त्या दोघांचा लग्नापासूनचा नियम. दोघांच्या बॅगाही दिवाणखान्याच्या दोन टोकांना टांगलेल्या असत. आजही होत्या. मुलगा मोरीपाशी पाठमोरा उभा राहून भांडी घासत होता. सून टेबलाशी बसून शेंगा सोलत होती.

सिस्टर मुलाजवळ गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तिने हात उचललाही.

“आई,” सून मागून म्हणाली, “आज तुम्ही माझा पार निकाल लावलात.”

सिस्टर वळली. “तुझा?”

“पांढरा माझा होता. तुमच्या चिठ्ठ्या वाचून वाचून अक्षर शिकवलं त्याला. पण थेंबाने घात केला.”

“मग निळा...” तिने सुनेकडे पाहिलं. “अगं, बटणाचं तर तू विचारलं होतंस.”

“विचारलं, कारण हा लग्नाआधीच सांगत होता. आमची आई बटणाला बोटाचं टोक लावत नाही, म्हणाला. मला वाटलं, फेकतोय. म्हणून खात्री करून घेतली.” तिने एक शेंग फोडली. “टॅबमध्ये घालायचं मात्र सुचलं नाही. ते या घुम्याला सुचलं.”

घुम्या वळला नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“रागावलीस?” सिस्टरने सुनेला विचारलं.

“आज रागावते. उद्या आमची माणसं पांगवतील, तेव्हा थोडं रडेन.” सून उठली, सालांची ताटली घेऊन मोरीकडे आली आणि नवऱ्याला खांद्याने ढोसलं. “पण तुम्ही बरोबर निवडलंत, आई. मी निवडलं असतं तरी हाच निवडला असता. ए, थेंब कसा ओळखतोस ते सांग आता. नियम गेला खड्ड्यात.”

“थेंब दाबत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “नुसता पडून राहतो. बोट येतं आणि जातं.”

“एवढंच?”

“एवढंच शोधायला वर्ष गेलं.”

सून हसली. सिस्टरने भांडी पुसायला फडकं घेतलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

बाहेर अंधारून आलं होतं. मोरीवर नीट दिसेना. साबणाने माखलेला हात तसाच वर धरून मुलाने दुसऱ्या हाताचं बोट वाकवलं आणि भिंतीकडे न बघता सांध्याने बटण दाबलं.

दिवा लागला. तो पुन्हा पातेलं घासू लागला. हे तो किती वर्षं करत आला होता, सिस्टरला ठाऊक नव्हतं.