साळूबाई माझ्यात बसली नाही

चार माणसांनी उचलल्याशिवाय जिला जागचे हलता येत नाही, अशी मी एक जुनी डोली आहे, मित्रांनो. महाडजवळच्या नाते गावाच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. तिथल्या देवळात मी टांगलेली असते. कोंडाजी सुताराने माझी लाकडी चौकट केली, ती काथ्याने विणली आणि वर बांबूचा जाड दांडा बांधला. आजारी माणसाला डोंगर उतरवून महाडच्या दवाखान्यात न्यायचे, हे माझे काम. बरा होऊन परतलेला माणूस माझ्या दांड्याला हळदकुंकू लावी, तेव्हा मला फार बरे वाटे.

साळूबाईच्या घरून मात्र मला कधी हळदकुंकू लागले नाही. तिचा एकुलता एक लेक हैबती पलटणीत भरती होऊन पहिल्या महायुद्धात दूर बसऱ्याकडे लढाईवर गेला होता. मागे त्याची बायको आवडी बाळंतपणात अडली. मला उचलायला चार माणसे मागत साळूबाई भरपावसात दारोदार फिरली. वाडीतली जवान माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती आणि उरलेल्यांची लावणी चालली होती. "एवढं वावर उरकून येतो गो," असे जो तो म्हणाला. मी देवळात वाट पाहत राहिले. दिवस मावळताना आवडी गेली, पोटातले बाळही गेले. पुढच्या वर्षी हैबती पडल्याची तार आली. त्यानंतर साळूबाईच्या घरात बोलायला कोणी उरले नाही. ती एकटीच चूल पेटवी, एकटीच जेवी.

अशी जवळजवळ वीस वर्षे गेली. एकोणीसशे सदतीस साली मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक आली. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पेन्शनवाल्या आईला मताचा हक्क मिळाला होता. एका उमेदवाराचा माणूस महिपती, त्याने अर्ज करून साळूबाईला यादीत घातले होते. मतदानाच्या दिवशी उजाडताच त्याने मला देवळातून काढले आणि चार गडी घेऊन तिच्या अंगणात आणून ठेवले.

"चला आजी, महाडला मत द्यायला जायचंय. पाय दुखायला नकोत म्हणून डोली आणलीय."

साळूबाई ओटीवर बसली होती. तिने चारही गड्यांकडे पाहिले.

"आज चार माणसं गावली व्हय रे?" ती म्हणाली.

गोमाजी हा गड्यांतला वयाने मोठा. त्याने मान खाली घातली. आवडी गेली त्या दिवशी लावणीत तोही होता.

महिपतीने यादी उघडली. "हे बघा तुमचं नाव. 'हैबती याची आई'."

"माजं नाव साळू हाय. आनि ह्ये मत मला कशापायी मिलालं?"

"हैबती सरकारच्या कामी आला म्हणून."

"तो गेला तवा मला कुनी इच्यारलं नाय. आता त्याच्या बदली ह्ये देता? मला नको."

महिपतीने समजूत घातली, मग आवाज चढवला. ती हलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "डोली आनलीच हाय तर शेजारच्या मैनाला न्या. पाच दिस झालं, पोर तापानं फनफनतेय."

"आज मतदान आहे, आजी! दवाखाना उद्याही उघडा असतो."

गोमाजी शेजारच्या घरात गेला. त्याने घोंगडीत गुंडाळलेली मैना माझ्यात आणून ठेवली. "उचला रे," तो म्हणाला, आणि चौघांनी मला उचलले. महिपती हातात यादी घेऊन अंगणातच उभा राहिला.

वळणावरून मला साळूबाई दिसली. ती ओटीवर तशीच बसून होती. मैना वाचली. तीन आठवड्यांनी ती आपल्या पायांनी डोंगर चढून आली. पण महिपती गावोगाव सांगत राहिला, की त्या म्हातारीला मताची किंमत कळत नाही. दोन वर्षांनी साळूबाई वारली. तिने मत कधीच दिले नाही.

मला अजून वाटते, मित्रांनो, तिचे म्हणणे त्या मतपेटीपर्यंत पोचायला हवे होते. ते तिच्या अंगणातच राहिले. त्या सकाळी महिपती घटकाभर तिच्या दारात होता, पण 'असं का म्हणता?' हे त्याने एकदाही विचारले नाही. मत न देणारे माणूस तुम्हालाही भेटेल. त्याला आळशी किंवा अडाणी म्हणू नका. त्याच्या ओटीवर थोडा वेळ बसा, आणि आधी त्याचे नाव विचारा.