बायजाआत्याचे धवले

शीळफाट्याजवळच्या त्या गावात बायजाआत्या मोकळी नसेल, तर लोक हळदीची वेळ पुढे ढकलत. ती धवलारीण. लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, तिच्याशिवाय म्हणणार कोण? पण सत्याण्णव साली घशाचं ऑपरेशन झालं आणि उरली ती नुसती कुजबुज. वर्षभरात तिच्याच नातीची हळद आली. निदान त्या मांडवात तरी आजीचा आवाज घुमायलाच हवा, असा भाची गोदाने हट्ट धरला.

गोदा डोंबिवलीत प्रोग्रॅमर. ऑपरेशनआधी तिने आत्याच्या धवल्यांचा व्हिडिओ घेऊन ठेवला होता. तो दाखवणारा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला. ऑफिसात झकास चालला. हळदीच्या सकाळी सीडी घेऊन बाईसाहेब ऐटीत गावात दाखल झाल्या. चुलतभाऊ पंढरीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला, तर पडदा काळाठिक्कर आणि माऊससुद्धा हलेना.

“काय गो, बिघडवलास का माझा कॉम्प्युटर?” पंढरी धास्तावला.

“तो ठीक आहे रे. माझंच डोकं बिघडलेलं.”

ऑफिसच्या मशीनमध्ये महागडं ग्राफिक्स कार्ड होतं. चित्र काढायला त्या कार्डाची स्वतःची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती, आणि प्रोग्रॅम उठल्या उठल्या ती आहे की नाही हे न बघता तिलाच कामाला जुंपत होता. पंढरीकडे ना कार्ड, ना लायब्ररी. एवढी साधी गोष्ट सुचू नये, याचा गोदाला भयंकर राग आला.

रिक्षा करून ती ऑफिसात गेली आणि कोड बदलला. आता प्रोग्रॅम आधी विचारणार होता: लायब्ररी आहे का? नीट सुरू झाली का? नसेल तर साध्या पद्धतीने चित्र काढायचं, आणि हे ठरल्यावरच पडद्यावर व्हिडिओची खिडकी उघडायची.

दुपारी ती नवी सीडी घेऊन परतली आणि मांडवात आणून ठेवलेल्या पंढरीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सुरू झाला. चित्र अडखळत होतं, आवाज मात्र खणखणीत. बाया कॉम्प्युटरभोवती गोळा झाल्या. गोदाचा ऊर भरून आला.

तोच बायजाआत्याने हात वर केला. “बंद कर गो,” ती कुजबुजली. “देवांना बोलवल्याशिवाय धवला कसा सुरू केलास?”

गोदाचा चेहरा पडला. सीडीत मावेना म्हणून देवांचं आवाहन तिनेच कापलं होतं. तिने व्हिडिओ थांबवला.

आत्या पाटावर बसली, डोळे मिटले आणि उरल्यासुरल्या आवाजात एकेका देवाला बोलावू लागली. ऐकू येत होतं फक्त शेजारच्या बाईला. ती ते नाव मोठ्याने म्हणे, मग सगळा मांडव म्हणे. शेवटचं नाव झालं तसं आत्याने गोदाकडे पाहिलं. “आता लाव.”

गोदाने बटण दाबलं. मांडवभर आवाज घुमला, आणि त्याच्या बरोबरीने आत्याचे ओठ हलू लागले.