बेबाअक्काचं रडणं

“मन्हा नावनं खातं, नि मालक तू?” बेबाअक्कानं अभिमनच्या ओट्यावर पिशवी आपटली.

जळगावच्या पिंप्राळ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईचा आवाज तो, पट्ट्याच्या खडखडाटावर चढून बोलायची सवय. अर्धी गल्ली दारात आली.

पारोळ्याजवळच्या खेड्यातल्या याच गल्लीत महिन्यापूर्वी अक्काची थोरली बहीण दगडीबाई वारली. गेलेल्या माणसाशी बोलत, सूर धरून रडायची इथली रीत. अक्का रडली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा बहिणीनं कोठीमागं कसं लपवलं, आपल्या पोराच्या वाटचं दूध माझ्या पोराला कसं पाजलं, बठ्ठं, सगळंच बोलून गेली. ते बहिणीसाठी होतं हो! शेजारच्या अभिमननं ते मोबाईलमध्ये घेतलं, अक्काचा फोटो लावून ‘बेबाअक्का’ नावाचं खातं उघडलं आणि दिलं टाकून. आता दळणाला येणाऱ्या बाया डबा ठेवायच्या आधी विचारायच्या, “अक्का, नवऱ्यानं खरंच काढलं होतं का हो?” अक्काला मेल्याहून मेल्यासारखं होई.

गिरणीशेजारच्या ज्योत्स्नानं अक्काचं खरं खातं उघडून दिलं, त्यावरून ॲपच्या कंपनीकडे तक्रार केली. झालं! अभिमनच्या खात्याला माणसं जास्त, म्हणून ते खरं. अक्काच तोतया ठरली आणि तिचंच खातं बंद झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

“अक्का, लोकं ऐकून रडतात. फेमस झाल्या तुम्ही,” अभिमन म्हणाला. “मी काय चोरी केली?”

“काढी टाक.”

“नाही काढत. करा अजून तक्रार.”

अक्का ओट्यावर मांडी घालून बसली, पदर पुढं ओढला आणि घसा खाकरला.

“काय करी राह्यनी व अक्का?” अभिमनची आई सुंदरबाई आतून धावत आली.

“तुना पोऱ्यानं नाव लिसन रडसू. त्याले आवडस ना मन्हं रडणं?”

जित्या माणसाच्या दारात, त्याचं नाव घेऊन सूर लावायचा! सुंदरबाईचं तोंड पांढरं पडलं. अभिमन मात्र हसत मोबाईल वर धरू लागला, हेही घ्यावं म्हणून. आईनं त्याचा हात धरला.

“पुसी टाक मेल्या! आतेच पुसी टाक!”

त्यानं खातं पुसलं. अक्कानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, सुंदरबाईच्या हातचा चहा घेतला आणि ताठ मानेनं जळगावची बस धरली.

गिरणी सुरू केली न केली तोच सुरतहून फोन. दगडीबाईची लेक नूतन. दिवस भरत आलेले, म्हणून तिला आईच्या मौतीला येता आलं नव्हतं.

“मावशी, ते खातं कुठं गेलं? बाळ झोपलं की मी रोज ऐकायचे. मला तेवढीच आई होती.”

अक्काची सगळी ऐट एका क्षणात उतरली. आपल्या अब्रूपायी पोरीचं काय पुसून आलो, हे तिला कळलं. तिनं गिरणीचं बटण बंद केलं, दार आतून लावलं आणि फोन तोंडाशी धरला.

“ऐक माय. पण तूच ऐक.”

आणि तिनं सूर धरला.

बाहेर बाया डबे घेऊन उभ्या राहिल्या. उशीर होतोय, असं कुणी म्हणालं नाही.