ठिणगीच्या दातांमधली फट

गेल्या एकतीस वर्षांत धाकटीला माणसांचे चेहरे फारसे दिसलेच नव्हते, दिसले ते त्यांचे जबडे. दाताचा दवाखाना खालच्या मजल्यावर आणि तिची कवळ्यांची लॅब वरच्या. खालून जिन्याने प्लास्टरचे साचे वर यायचे, वरून गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या खाली जायच्या. त्या कोणाच्या तोंडात जाऊन बसल्या हे तिला कळायचं नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटायचं नाही. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, नखाएवढ्या सुऱ्या, आणि शेल्फावर जुना कॅसेट प्लेयर. त्याच्यावर सकाळी साडेनऊपासून ठिणगी गायची.

ठिणगी कोण, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. बेचाळीस वर्षांपूर्वी चौघांचा एक रॉक बँड होता. तीन बाप्ये मागे आणि ही पुढे, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून. त्या काळी बाईने गायचं म्हणजे मान जराशी तिरकी करून, गोड आवाजात, असा सगळ्यांचा समज. ही पाय रोवून उभी राहायची आणि अशी गायची की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीसकट मागे सरकायची. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. रेकॉर्डवाल्यांनी ती बुजवून घ्यायला सांगितली, तर हिने त्यांनाच कान बुजवून घ्यायला सांगितले म्हणे. त्या फटीतून तिचा 'स' यायचा तो तापल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब पडावा तसा. 'सरळ सांग' हे तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्यात तर 'स'चा नुसता सपाटा!

धाकटी चौदाची होती आणि तिची थोरली बहीण एकोणीसची, तेव्हा दोघींनी मिळून ठिणगीच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली. दोन दिवस आधी धाकटीला कांजिण्या आल्या. थोरली एकटी गेली. धाकटी अंगभर पावडर लावून पोटभर रडली, आणि त्यानंतरची बेचाळीस वर्षं तिने तो कार्यक्रम थोरलीच्या तोंडून ऐकला. दर वर्षी तो थोडा वाढायचा. सुरुवातीला ठिणगी स्टेजवर नुसती नाचली होती. मग ती स्पीकरवर चढली. मग स्पीकरवरून उडी मारली. थोरलीची पन्नाशी उलटल्यापासून तर ठिणगीने 'सरळ सांग' म्हणताना भर गर्दीतून नेमकं थोरलीकडेच बोट दाखवलं होतं.

धाकटी ऐकून घ्यायची. पण आतून जळायची.

एका मंगळवारी डॉक्टरांची चिठ्ठी वर आली. वय बहात्तर, वर-खाली पूर्ण कवळी. आधीच्या दोन कवळ्या दुसरीकडे केलेल्या, दोन्ही बाद. तक्रार: मोठा 'आ' केला की वरची निसटते.

धाकटीने खाली फोन लावला. "डॉक्टर, जेवताना निसटते की जांभई देताना?"

"जेवणाचं काहीच नाही, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. त्या तिशीतल्या, धाकटीला मावशीच म्हणायच्या. "त्यांना तोंड पूर्ण उघडायचंय आणि बराच वेळ उघडंच ठेवायचंय. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, खासगी कारण आहे."

असली तक्रार धाकटीच्या हाताखालून कधी गेली नव्हती. हात पुसून ती स्वतःच जिना उतरली.

तीन नंबरच्या खुर्चीत एक बुटकी म्हातारी बसली होती. पांढरे केस बारीक कापलेले, अंगात ढगळ सदरा, पायांत जाडजूड बूट, जुनी कवळी रुमालात गुंडाळून मांडीवर. दातांवाचून गाल आत गेले होते. डोळे मात्र असे, की डॉक्टर दोन पावलं लांबूनच बोलत होत्या.

"कवळी बनवणाऱ्या तुम्ही का?" म्हातारीने विचारलं. आवाज खरखरीत.

"हो. तुमची जुनी घाला, आणि जे करताना ती निसटते ते करून दाखवा."

"इथे? बाहेर माणसं बसलीत."

"दाताच्या दवाखान्यात कोणी ओरडलं तर कोणाला नवल वाटत नाही."

म्हातारी खुदकन हसली. कवळी बसवली, पाठ ताठ केली, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि 'आ' लावला. तो खालून निघाला, वर चढला, मग आणखी वर चढला. ट्रेमधली हत्यारं किणकिणली. अगदी टोकाला पोचला तेव्हा वरची कवळी टक्कन खालच्या कवळीवर आदळली आणि सगळं थांबलं. बाहेर बाकावर बसलेले एक गृहस्थ पिशवी उचलून चालते झाले.

धाकटीने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. हा 'आ' तिने इतक्या वेळा ऐकला होता, की तो कुठे श्वास घेतो आणि कुठे किंचित चिरतो हे तिला स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखं पाठ होतं. खुर्चीत ठिणगी बसली होती. दात नसलेली, बहात्तर वर्षांची, पण ठिणगीच.

तोंडापर्यंत आलेलं सगळं धाकटीने गिळलं. बोलली असती तर रडली असती, आणि रडणाऱ्या बाईच्या हाती आपलं तोंड कोण देईल?

"कळलं," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. "तोंड मोठं उघडलं की खालच्या जबड्याचं हाड मागून पुढे येतं आणि कवळीच्या काठाला ढुसणी देतं. तुमचा तो काठ जाड आहे. मी पातळ करीन. माप घेताना मात्र तोंड जेवायला उघडता तेवढं उघडायचं नाही. आत्ता उघडलंत तेवढं उघडायचं."

"चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही," म्हातारी म्हणाली आणि डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्या मुकाट्याने मापाचा साचा घ्यायला गेल्या.

वर आल्या आल्या धाकटीने थोरलीला फोन लावला.

"ताई, ठिणगी आपल्या दवाखान्यात आलीये."

"काहीतरीच! ती परदेशात असते, समुद्रकाठच्या बंगल्यात."

"तीन नंबरच्या खुर्चीत होती. मी आवाज ऐकला."

"आवाजावरून काय ठरतं गं? माझ्या सासूबाईंचा आवाजही..."

"तुझ्या सासूबाईंच्या आवाजाने ट्रेमधली हत्यारं वाजायची का?"

थोरलीने प्रामाणिकपणे विचार केला. "वाजायची," ती म्हणाली. "पण ते वेगळं. अगं, सही घेतलीस की नाही?"

"आधी दात देते. मग सही. तू एक कर, तुझ्याकडची ती मोठी रेकॉर्ड आहे ना, तिचं कव्हर घेऊन ये. ज्यावर ती हसतेय ते."

"त्याला हात लावलास तर बघ!"

"हात नाही लावत. फूटपट्टी लावते."

दुसऱ्या दिवशी थोरली रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. एक तास धाकटी भिंग लावून कव्हरावर वाकली होती. फोटोत दात केवढा, फट केवढी. खरा दात साधारण केवढा असतो, मग खरी फट केवढी असेल. दोनदा आकडेमोड केली, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: पावणेदोन मिलिमीटर. मग तिने मेणात एकेक दात रोवला, पुढच्या दोघांमध्ये पावणेदोन मिलिमीटर मोकळी जागा सोडली, आणि डावा दात केसभर आत वळवला, कारण फोटोत तो तसा होता. थोरली शेजारी स्टुलावर बसून, श्वास रोखून बघत होती. त्या दोघी इतका वेळ न भांडता एका खोलीत बसल्याला बरीच वर्षं झाली होती.

मेणातली कवळी खाली गेली आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली.

"मावशी, मधे फट राहिलीये."

"राहिली नाही, ठेवलीये."

"नव्या दातांत कोणी फट मागतं का?"

"मागितलेली नाही. पण डॉक्टर, अजून मेणच आहे. नको म्हणाल्या तर पाच मिनिटांत सरकवते." एकतीस वर्षांत न विचारता तिने एक दातही इकडचा तिकडे केला नव्हता.

म्हातारीने कवळी तोंडात घेतली. गाल भरले, ओठ वर आले. तिने आरसा हातात घेतला आणि पाहतच राहिली. तिने जिभेचं टोक हळूच फटीपाशी नेलं, जपून, कोणाच्या तरी दारावर टकटक करावी तसं.

"सरळ," ती म्हणाली. इस्त्रीवर थेंब पडला. "सरळ सांग. सरळ. स... स..." आणि मग आरसा खाली ठेवून तिने धाकटीकडे पाहिलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला पाठ आहे."

"कधी ओळखलंस?"

"पहिल्या 'आ'लाच."

"आणि तोंडातून शब्द काढला नाहीस?"

"काढला असता तर माप चुकलं असतं."

म्हातारी हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतकी की कवळी सांभाळायला तिला तोंडावर हात धरावा लागला. "आधीच्या दोघांनी मला पांढरेशुभ्र, रांगेतले दात दिले," ती डोळे पुसत म्हणाली. "आरशात बघितलं की वाटायचं, बँकेतली कोणी बाई माझ्याकडे बघून हसतेय. फट मागायची मला लाज वाटली गं. म्हटलं, या वयात कोण हसणार नाही?"

मग खासगी कारणही बाहेर आलं. बँडचा ड्रमवाला पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरीचा होत होता. एक छोटा हॉल घेतला होता, दुपारी चारची वेळ, आणि ठिणगीने तीन गाणी म्हणायचं कबूल केलं होतं. "दात नव्हते तेव्हा कबूल केलं," ती म्हणाली. "तोंडात काही नसलं की माणूस काहीही बोलून जातो."

कवळी तयार झाली त्या दिवशी थोरलीला एकाएकी दाढदुखी सुरू झाली. "खोटं आहे हे," धाकटी म्हणाली. "असेना," थोरली म्हणाली आणि खाली जाऊन बसली. डॉक्टरांनी तपासलं तर दाढ खरोखरच किडलेली निघाली, आणि ठिणगी आत आली तेव्हा थोरली अर्धा गाल बधिर होऊन, कापूस चावत बसली होती. बेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं ते असं:

"तुम्ही माझ्याकदे बोत दाखवलं होतं!"

धाकटीने समजावून सांगितलं. कोणता कार्यक्रम, कोणतं गाणं, कसं बोट.

"मला तेव्हाही जाड चष्मा होता," ठिणगी म्हणाली. "स्टेजवर घालायचे नाही. माइकच्या पुढचं मला काहीसुद्धा दिसत नसे."

थोरलीचा चांगला अर्धा चेहरा एकदम उतरला. धाकटीला या क्षणी उकळ्या फुटायला हव्या होत्या. फुटल्या नाहीत. उलट तिला वाटलं, कोणीतरी काहीतरी बोलावं.

"तू कुठे उभी होतीस?" ठिणगीने विचारलं.

"दावीकदे. खांबापाशी."

"डावीकडे, खांबापाशी. मग बरोबर आहे. त्या बाजूला कोणीतरी माझ्यापेक्षा मोठ्याने गात होतं. कोण ते दिसेना, म्हणून मी आवाजाच्या दिशेने बोट केलं. ती तू होतीस तर!"

हे ती इतक्या सफाईने बोलली की खरं की खोटं ते धाकटीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. थोरलीला ठरवायची गरजच वाटली नाही. ती कापसासकट हसत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. दोनशे माणसं, त्यांत निम्म्यांचे गुडघे कामातून गेलेले. टकलावर रुमाल बांधून आलेले आजोबा, कपाटाच्या तळातून काढलेली, बटण न लागणारी चामडी जाकिटं, आईला धरून आणणाऱ्या मुली. दोघी बहिणी दुसऱ्या रांगेत. डॉक्टरही आल्या होत्या; म्हणाल्या, काम कसं झालंय ते बघायला.

पहिली दोन गाणी ठिणगीने बसून म्हटली. तिसऱ्याला ती उठली. ड्रमवाल्याने दणका दिला, हॉलची तावदानं हादरली, आणि पहिल्याच 'स'ला सगळ्या हॉलमधून एक हुंकार उठला. सगळे तोच थेंब ऐकायला आले होते. धाकटीने मात्र त्यातलं काही ऐकलं नाही. एकशे नव्व्याण्णव माणसं गाणं ऐकत होती, आणि एक बाई नखं चावत वरच्या कवळीचा मागचा काठ बघत होती.

'आ' निघाला. वर चढला. आणखी चढला. जबडा पुरता उघडला आणि कवळी जागची हलली नाही. दोन श्वास, तीन श्वास. जिथे किंचित चिरायचा तिथे तो चिरला, आणि तिथून पुढे आणखी वर गेला. कॅसेटवर कधी गेला नव्हता इतका.

तेव्हा कुठे धाकटी ऐकायला लागली. मग काय झालं ते थोरली हल्ली सगळ्यांना सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे छप्पन्न वर्षांची तिची बहीण, जी लग्नातही मोठ्याने हसत नाही, ती चपला काढून खुर्चीवर चढली आणि दोन्ही हात वर करून असं काही ओरडली की ड्रमवाल्याचा एक ठोका चुकला. धाकटी म्हणते, खुर्चीवर वगैरे चढले नव्हते. डॉक्टर म्हणतात, चढल्या होत्या, खुर्ची मीच धरली होती.

सोमवारी सकाळी लॅबच्या जिन्यावर जाडजूड बूट वाजले. ठिणगी स्वतःच वर आली होती, दर दोन पायऱ्यांनी थांबत, धापा टाकत.

"खाली डावीकडे टोचतंय," ती म्हणाली. "तिसरं गाणं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं."

"ठेवून जा. उद्या देते."

"उद्या कसं चालेल? चारला सराव आहे. ड्रमवाला म्हणतो, पुढच्या महिन्यात दुसरा हॉल घेऊ, मोठा."

धाकटीने खालची कवळी हातात घेतली, दिव्यापाशी धरून टोचणारी जागा पेन्सिलीने टिपली आणि यंत्राला बारीक घासणी लावली. ठिणगी बोळकं तोंड करून स्टुलावर बसली आणि टेबलावरचे जबडे एकेक उचलून, हा कोणाचा, तो कोणाचा, विचारू लागली.